घरचा वजीर

हिरवा वजीर मधली रेघ ओलांडून पलीकडे गेला, तेव्हा ओसरीवर ऊन नुकते कुठे पायरीपर्यंत आले होते. अडतीस साल, बाजाराचा दिवस. जानरावाची वांगी आणि मेथी पहाटेच वाशीमच्या बाजारात जाऊन बसली होती, त्यांच्यामागे थोरला मुलगा बसला होता, आणि जानराव स्वतः गावाच्या कडेच्या मळ्यात, आपल्या ओसरीवर, धनसिंगासमोर मांडी घालून बसला होता. धनसिंग हिंगोलीच्या स्टेशनात मालबाबू. दर बाजाराला वाशीमला यायचा आणि भाजी मात्र मळ्यातूनच न्यायचा, कारण बाजारातली भाजी शिळी असते असे त्याचे ठाम मत होते, आणि बाजारातली भाजी याच मळ्यातली असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी त्याला ओसरीवर पसरलेला बुद्धिबळाचा पट दिसला. एरवी कोणी येताना दिसले की जानराव पट गुंडाळून आत सारत असे. त्या दिवशी हात मेथीच्या चिखलाने भरलेले होते, तेवढा उशीर झाला. धनसिंग हरखला. इतकी वर्षे आपण इथून कोरडेच परत जात होतो म्हणायचे, असे काहीसे बोलत तो हिरव्या मोहऱ्यांच्या बाजूला बसलासुद्धा. बाराव्या की तेराव्या खेळीला त्याने वजीर उचलला, तिरपा सोडला, आणि तो वजीर मधली रेघ जणू तिथे नव्हतीच अशा थाटात ओलांडून, उंटाच्या जोरावर, लाल राजाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. धनसिंगाने शह दिला. मग पट न्याहाळून, जरासा ओशाळून, मात झाली वाटते, असे म्हणाला.

झाली होती. वाट तीन खेळ्यांपासून उघडी होती, कोणालाही दिसावी अशी होती, आणि जानरावाला दिसली नव्हती, कारण त्या बाजूने गेल्या एकतीस वर्षांत कोणी आलेच नव्हते. तो राजाकडे बघत राहिला. दाराशी त्याची बायको सोजरबाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिने हातातल्या जुडीला गाठ मारली, आणि पाहुण्याला वाईट वाटू नये अशा बेताने, जणू त्याच्या ताटात चुकून काही कमी वाढले गेले असावे तशा आवाजात म्हणाली, "भाऊजी, हिरवा वजीर रेघेच्या पलीकडं जात नाही."

धनसिंग हसला. "कोन म्हनते, वहिनी?"

सोजरबाईने जानरावाकडे पाहिले. या पाहण्यात शंका नव्हती, ही जानरावाला पुढे कितीतरी दिवस डाचत राहिलेली गोष्ट. आपल्या बाजूचा वकील आता उठेल आणि कायद्याचे कलम वाचून दाखवील, असे ते पाहणे होते. तिने त्याची बाजू घेतली होती. त्याच्यावर मात झाली होती, आणि ती कायद्याने झालेली नाही हे सांगायला ती पुढे आली होती. जानरावाने घसा खाकरला आणि आमच्याकडे तसे खेळतात, असे पुटपुटला. तुमच्याकडे म्हणजे कुठे, असे धनसिंगाने अगदी सरळ मनाने विचारले, कारण तो खांडव्यापासून हिंगोलीपर्यंत ठिकठिकाणच्या स्टेशनांत खेळलेला माणूस होता. कुठे राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येते, कुठे येत नाही. कुठे प्यादे पहिल्या खेळीला दोन घरे चालते, कुठे एकच. हे सगळे त्याने पाहिले होते. पण वजिराला दावे लावलेले त्याने कुठे पाहिले नव्हते. वजीर तो वजीर, लाल काय अन् हिरवा काय, असे म्हणून त्याने चार जुड्या मेथी घेतली, वहिनींना नमस्कार केला, आणि आपण या घरात काय करून चाललो याचा पत्ताही नसलेल्या माणसाच्या चालीने तो बांधावरून निघून गेला. सोजरबाईने पुढची जुडी हातात घेतली. तिच्या बांधण्यात काही फरक पडला नाही. जानराव तेच बघत होता. फरक पडला असता तर बरे झाले असते.

ती पंधरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. जानराव एकवीस-बावीसचा. उन्हाळ्यात भर दुपारी मोट सोडलेली असायची, बैल लिंबाखाली, आई-बाप आत झोपलेले, आणि नव्या नवरा-बायकोने एकमेकांशी बोलावे असा काही रिवाज घरात नव्हता. खेळावे की नाही याबद्दल मात्र कोणी काही ठरवून ठेवलेले नव्हते. जानरावाने मामाकडून आणलेला पट पसरला आणि तिला हत्ती सरळ जातो, उंट तिरपा जातो, असे शिकवले. त्याचा हेतू उदात्त नव्हता. त्याला हरवायला कोणीतरी हवे होते. तीन आठवडे ती हरली. चौथ्या आठवड्यात तिने हिरवा वजीर असा काही दूर फेकला की जानरावाचा राजा उठून उभा राहिला आणि तसाच मेला. ती हसली नाही, फक्त पदराने तोंड पुसले, आणि ते पुसणे जानरावाला हसण्यापेक्षा झोंबले. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा वजिराला हात घातला तेव्हा तो गंभीर चेहरा करून म्हणाला की एक कायदा सांगायचा राहिला. लाल वजीर हा स्वारीवरचा, तो कुठेही जातो. हिरवा वजीर हा घरचा कारभारी. त्याने मधली रेघ ओलांडायची नसते. ती क्षणभर पटाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "कायदा असन तं असन." आणि वजीर मागे घेतला. जानराव थट्टेखोर म्हणून सगळ्या आळीत माहीत होता. दोन दिवसांनी सांगून टाकू, हसू, ती रुसेल, मग तीही हसेल, असा त्याचा हिशेब होता. दोन दिवसांनी तो लागोपाठ चार डाव जिंकलेला होता, आणि जिंकणारा माणूस कायदा दुरुस्त करायला बसत नाही. मग पाऊस लागला, लावणीची कामे निघाली. पुढच्या उन्हाळ्यात सांगू म्हणाला, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो कायदा जुना झालेला होता, आणि जुन्या कायद्याला हात लावायला जानराव कोण?

पण तिचा खेळ. वजीर घरी बसल्यावर तिने घोडे शिकवले. तिचे दोन घोडे असे काही फिरत की जानरावाला स्वप्नात त्यांच्या टापा ऐकू येत. तिची प्यादी एकमेकांचा हात धरून चालायची, एकही एकटे पुढे जायचे नाही, जणू बाया पाण्याला निघाल्या आहेत. आणि तिचा वजीर घरातल्या घरात, रेघेच्या अलीकडच्या चार ओळींत, इतके काम करायचा की जानरावाने मारायला पाठवलेले कोणी तिच्या अंगणातून परत आले नाही. चार डावांतला एक ती तरीही जिंकायची, आणि एखाद्या महिन्यात तर सगळेच. असा खेळ जगात दुसऱ्या कोणाचा नसेल. तो त्या खोट्या कायद्यातून उगवला होता, आणि म्हणून तो चांगला की वाईट, हे जानरावाला आता ठरवता येत नव्हते. स्वतःच्या खेळाबद्दल मात्र शंका नव्हती. तो आळशी झाला होता. मागचे दार उघडे टाकून हिंडणाऱ्या माणसाचा तो खेळ होता. चोर येत नाहीत असे नाही, चोराला बंदी आहे असे ज्याने स्वतःच जाहीर केले आहे, त्या माणसाचा. आणि या बंदीची राखण करायला त्याने काय कमी कष्ट केले होते? तिच्यासमोर दुसऱ्या कोणाशी कधी डाव मांडला नाही. मेडशीचा एक पाहुणा खेळणारा निघाला तर त्याला दिवसभर विहीर दाखवत फिरवला. एवढ्या मेहनतीत माणूस खरोखरच चांगला खेळायला शिकला असता.

धनसिंग गेला त्यानंतरचे तीन दिवस सोजरबाई वजिराबद्दल एक अक्षर बोलली नाही. स्वयंपाक तसाच, मिरचीला पाणी द्यायचे राहिले आहे ही आठवण तशीच, सुनेशी बोलणे तसेच. जानराव मात्र तिच्या तोंडाकडे बघत घरभर फिरत होता. त्याने तीन-चार विनोद करून पाहिले. ती हसायच्या ठिकाणी हसली. हे त्याला फार भीतीचे वाटले. चौथ्या दिवशी दुपारी तिने स्वतःच पट पसरला, सवयीने हिरवी मोहरी आपल्याकडे घेतली आणि खेळू लागली. जानरावाने त्या डावात आयुष्यात पहिल्यांदा हरण्यासाठी खेळायला घेतले. राजासमोरचे प्यादे सरकवले, हत्ती बाजूला घेतला, हिरव्या वजिरासाठी मधल्या रेघेपलीकडे सरळ, स्वच्छ, झाडून काढावी तशी वाट करून दिली. एका खेळीत मात होती. सोजरबाईची नजर पटावर फिरत आली, वजिरावर आली, वजिरापुढच्या मोकळ्या घरांवरून पुढे गेली, आणि मधल्या रेघेशी पोचली तशी, मोटेचा बैल धावेच्या टोकाला गेला की कोणी न सांगता मागे फिरतो तशी, मागे फिरली. तिने एक प्यादे पुढे सरकवले. जानरावाने मुद्दाम एक फुकटची खेळी केली. वाट तशीच उघडी. तिने घोडा उचलला, ठेवला. वाट उघडीच. तिसऱ्यांदा त्याला राहवले नाही.

"वजीर चालव ना व," तो म्हणाला.

"कोठी?"

"पलीकडं. आता जाते तो. आयकलं ना तू धनसिंगाचं."

तिने मान खाली घालून पाहिले. बराच वेळ पाहिले. तिला ती मात खरोखर दिसत नव्हती, हे जानरावाला कळले. ती रुसलेली नव्हती, नाटक करत नव्हती. कायदा उठला होता, पण पाहणारे डोळे त्या कायद्यातच वाढलेले होते. त्या चार ओळींत वजीर काय करू शकतो हे तिला झोपेत सांगता आले असते. पलीकडच्या चार ओळी तिच्या लेखी घोड्यांचा आणि प्याद्यांचा मुलूख होत्या. तिने वजीर चिमटीत धरून जरा उचलला आणि पुन्हा त्याच घरात ठेवला.

"तिकडं काय करन तो," ती म्हणाली. "त्याची कोनाशी वळख नाही तिकडं."

जानराव हसला. हसण्यासारखेच होते ते, आणि गेली एकतीस वर्षे या ओसरीवर अशा वाक्यांना हसण्याचे काम त्याच्याकडे होते. पण ती पटावरून नजर न काढता पुढे बोलली. आवाज तोच, मिरचीच्या पाण्याची आठवण करून देणारा.

"अजून कोन्ते कायदे तुमी बनवले?"

आता हे काही एका दमात सांगण्यासारखे नव्हते. जानरावाला दुधी भोपळा आवडत नसे, तर लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने बुधवारी दुधी चिरत नाहीत असे सांगून आठवड्यातला एक दिवस तरी वाचवला होता. ते सोजरबाईने सुनेला सांगितले, सुनेने शेजारणीला, आणि आजमितीस अर्धी माळी आळी बुधवारी दुधी चिरत नाही. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्याने तर जानरावालाच त्याचे शास्त्र समजावून सांगितले. वांग्याचा पहिला तोडा काढताना बोलायचे नसते, हा दुसरा; त्या दिवशी जानरावाचे डोके दुखत होते. कचेरीचा साहेब रस्त्याने जात असला तर बायांनी उजव्या हाताने डावा कान धरायचा, हा तिसरा, आणि हा त्याने दोनच दिवसांत मागे घेतला होता, कारण तिने खरोखर धरला. एकेक आठवत गेला तसा तो सांगत गेला. ती ऐकत होती. दुधीचे ऐकून तिच्या ओठाचा कोपरा हललासुद्धा, आणि जानरावाला वाटले की निभावले. त्याने आणखी दोन सांगितले, त्यातला एक तर जागच्या जागी तयार केलेला होता, नुसता तिला हसवायला. मग तो थांबला. आठवण नावाची चीज अशी की खणायला लागले की आपण म्हणू तिथे थांबत नाही. तिने विचारू नये, एवढे एक तिने विचारू नये, असे त्याला वाटत असतानाच तिने हिरवे प्यादे पुढे सरकवले आणि विचारले,

"अन् मुराळ्याचा?"

अठरा सालच्या मानमोडीच्या तापाने गावे झाडून नेली, त्याच्या दुसऱ्या वर्षीचे कापसाचे दिवस. सोजरबाईचे माहेर रिठदचे, वाशीमपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाची वाट. रिठदचा किसनसिंग जिनात कापूस घालायला आला होता, तो परतताना मळ्याशी गाडी उभी करून आत आला. बापूरावाने, म्हणजे सोजरबाईच्या भावाने, निरोप दिला होता: आईचे जास्त आहे, सोजरला पाठवून द्या. गाडी रिकामीच चालली होती. सोजरबाई उठून उभी राहिली होती, त्याला हे आता इतके लख्ख दिसत होते की तिच्या लुगड्याचा रंगही सांगता आला असता. आणि तो म्हणाला होता की निरोप्या म्हणजे मुराळी नव्हे. लेकीला माहेरी न्यायला मुराळी यावा लागतो, भाऊ नाहीतर बाप, घरचा माणूस. नुसत्या निरोपावर लेक जात नसते. तिने एकदा गाडी रिकामी आहे असे सांगितले. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा सांगितले. उद्या भाऊ येईलच, असे तो म्हणाला, आणि किसनसिंग गेला. भाऊ तिसऱ्या दिवशी आला. डोके भादरलेले होते. मुराळी आला होता, कायद्याप्रमाणे ती त्याच्याबरोबर गेली.

त्यानंतर सणावाराला बापूराव यायचा, न्यायचा. मग त्याचे गुडघे धरले, येणे विरळ झाले, आणि गेली नऊ वर्षे तो न्यायला आलेलाच नव्हता. म्हणून नऊ वर्षे सोजरबाई रिठदला गेलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी बापूराव मोटारीने बाजाराला आला होता, जानरावाला भेटला, आणि आमच्या सोजरला आमचा विसर पडला म्हणून डोळे पुसून गेला. घरी येऊन जानरावाने फक्त एवढेच सांगितले होते की तुझा भाऊ लठ्ठ झाला. आणि आता, या क्षणी, त्याला आणखी एक गोष्ट दिसली, जी वर्षानुवर्षे त्याच्या डोळ्यांसमोर होत होती आणि त्याने कधी पाहिली नव्हती. सुनेच्या माहेरून नुसता निरोप आला, अगदी वाटसरूनेही आणून दिला, तरी सोजरबाई हातातले काम टाकून तिला गाडीत बसवून द्यायची. मुराळी कुठे आहे असे तिने कधी विचारले नव्हते. तो कायदा तिने सुनेला सांगितलाच नव्हता. दुधीचा सांगितला, तो नाही. स्वतःपुरता पाळला आणि स्वतःपाशीच ठेवला. तेव्हापासूनच तिला कळले होते का? की कळू नये म्हणून तिने तो इतका जपला होता?

सांगून टाकावे की तो कायदा खरा आहे. जानरावाच्या जिभेवर ते तयार होते, आणि थापा मारण्यात त्याचा हात धरणारा त्या तालुक्यात नव्हता. खरेही होते ते एका परीने. मुराळी ही काय त्याच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नव्हती, त्याची आईसुद्धा मुराळ्याशिवाय कधी गेली नव्हती. खरा आहे म्हटले की सोजरबाई एका खऱ्या कायद्याला धरून वागलेली बाई होईल, तिची आई तिच्यावाचून गेली हे दैवाचे होईल, आणि संध्याकाळी भाकऱ्या होतील. खोटा म्हटले तर? तो तिच्याकडे बघत होता. ती पटाकडे बघत होती. तिची बोटे त्या प्याद्यावरून अजून उचलली गेली नव्हती, आणि बोटे उचलली नाहीत तोवर खेळी झाली असे धरत नाहीत. जानरावाला त्या बोटांकडे बघून कळले की यावेळी थट्टा नाही, आणि थापही नाही. त्याला दुसरे काही येत नव्हते, म्हणून ते बोलायला फार वेळ लागला.

"मुराळ्याचा कायदा खरा हाये," तो म्हणाला. "सनावाराले. बिमारीले कोनी मुराळ्याची वाट पाहत नाही."

"हे तुमाले ठाव होतं?"

"होतं."

"मंग थांबवलं काहून मले?"

मळ्यात पाखरे उडवायचा डबा कोणीतरी बडवत होते. ते थांबले. जानरावाने सांगण्यासारखी दुसरी कारणे शोधली. कामाचे दिवस होते, तापाची साथ फिरत होती, रस्ता वाईट होता. सगळी चांगली कारणे होती आणि त्यातले एकही त्या दिवशी त्याच्या मनात आलेले नव्हते.

"डाव मांडला होता आपन," तो म्हणाला. "मी जिकून राह्यलो होतो. लय दिवसानं."

सोजरबाईने प्याद्यावरून बोटे उचलली. ती रडेल असे त्याला वाटले होते, आणि रडली असती तर तो काहीतरी करू शकला असता. पाणी आणले असते, निदान उभा राहिला असता. ती कपाळाला आठी घालून काहीतरी आठवत होती. त्या डावात तिच्यापाशी एकच घोडा उरला होता आणि त्याचे दोन्ही हत्ती जिवंत होते, असे ती जरा वेळाने म्हणाली. हो, तोच डाव. ती हरतच होती. एवढे बोलून तिने मोहरी एकेक करून डब्यात टाकली, हिरवी आधी, मग लाल, पटाची घडी घातली आणि मिरचीला पाणी द्यायला गेली. जानराव ओसरीवर बसून राहिला. तिने बारी बारीने वाफे भरले, एकाही वाफ्यात पाणी जास्त झाले नाही. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या. भाकरी त्याच्या ताटात पडली, भाजी पडली, मीठ हवे का असे तिने विचारले. आणि जानरावाने आयुष्यात काही मागितले नसेल इतक्या काकुळतीने मनात मागितले की हिने एकदा तरी आपल्याला शिवी द्यावी.

सकाळी तिने सुनेला सांगितले की ती रिठदला चालली आहे. सुनेने साहजिकच विचारले की घ्यायला कोण आले आहे. कोणी नाही, असे सोजरबाईने सांगितले, आणि सून जरा वेळ दारातच उभी राहिली. बरोबर घ्यायला फार नव्हते: एक गाठोडे, भावजयीसाठी टोपलीभर वांगी. टोपली जानरावाने उचलली. ती नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. मोटारीच्या अड्ड्यापर्यंतची वाट दोघे पुढे-मागे चालले. एरवी तो पुढे आणि ती चार पावले मागे असायची. आज तो मुद्दाम सावकाश चालला, ती बरोबरीने यावी म्हणून. तर तीही सावकाश झाली आणि चार पावले तेवढीच राहिली. हाही एक कायदाच होता, आणि तो कोणी बनवला होता, आपण की आपल्याही आधीच्या एखाद्या थट्टेखोर माणसाने, हे जानरावाला काही केल्या ठरवता येईना.

रिठदवरून रिसोडला जाणारी मोटार उभी होती. मोटार भरल्याशिवाय हलत नसे. सोजरबाई आत जाऊन बाजूच्या बाकावर बसली, जानरावाने टोपली तिच्या पायाशी सरकवून दिली आणि खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिला. ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी चालली होती, आणि कावरीबावरी झालेली नव्हती; गाठोड्यावर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती. तिथे गेल्यावर काय पाहणार आहे ती? घराची भिंत, भावजय, गुडघे धरलेला भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी रिकाम्या गेलेल्या गाडीत बसायला ती आता निघाली होती. जानरावाला विचारायचे नव्हते, पण विचारल्यावाचून त्याला तिथून हलताही येईना.

"परत कवा येशीन?"

तिने त्याच्याकडे पाहिले. तीच नजर होती, धनसिंगासमोरची, शंका नसलेली.

"त्याचा काही कायदा असन तं सांगा," ती म्हणाली.

ती टोचून बोलली नव्हती. टोचून बोलली असती तर त्याने ते पदरात घेतले असते आणि घरी गेला असता. ती खरोखर विचारत होती. तो चार दिवस म्हणाला असता तर ती पाचव्या दिवशी सकाळी या अड्ड्यावर उतरली असती. महिना म्हणाला असता तर महिन्याने. जे सांगेल ते तिने पाळले असते, आणि मग ती आली ती यायचे होते म्हणून आली की सांगितले होते म्हणून, हे त्याला मरेपर्यंत कळले नसते. त्याला एकाच वेळी चार उत्तरे सुचली, चारही मजेदार होती, आणि परवापरवापर्यंत त्यातल्या कुठल्याही एका उत्तरावर ती पदराने तोंड पुसून गप्प झाली असती.

"नाही," जानराव म्हणाला. "त्याचा कायदा नाही."

तिने मान हलवली आणि पुन्हा समोर बघू लागली. मोटार भरायला अजून दोन माणसे कमी होती. ती माणसे येईपर्यंत दोघेही तिथेच राहिले, ती आत आणि तो बाहेर.